चिखल्याच्या पावसाचे दप्तर

तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मॉइल कंपनीच्या मँगनीज खाणीमुळे ओळखले जाते. आणि जेथे भूगर्भात उतरून खनिज काढावयाचे, तेथे मृग लागताच वर किती पाणी पडले यावर खाली किती उपसावे लागेल याची विवंचना अवलंबून असते. त्या पावसाचे दप्तर मात्र सरकारदरबारी वारंवार नव्या बस्त्यात बांधले गेले आहे.

१८७५ साली हवामान खाते स्थापन झाले, त्या काळी पर्जन्यमापके प्रायः तहसील कचेऱ्यांच्या आवारात असत, आणि सकाळी मोजपात्रात पाहिलेले पाणी इंच व शतांशांत नोंदवून कारकुनाने वर रवाना करावे, असा शिरस्ता होता. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे इंचाचे २५.४ मिलिमीटर झाले, आणि आकडे छिद्रपत्रांवरून चुंबकीय फितींवर व तेथून संगणकात गेले.

खात्याच्या पुणे कार्यालयाने देशावर पाव अंशाचे जाळे टाकून १९०१ पासूनच्या दैनिक पर्जन्याच्या ज्या वार्षिक बायनरी फाइली सिद्ध केल्या आहेत, त्यांत दर दिवसाचे १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदूंचे आकडे प्रत्येकी चार बाइटांत मांडलेले असतात. साध्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटांची, लीप वर्षाची ६९,६६० बाइटांनी मोठी. तारीख, स्थळ, एकक यांपैकी काहीच आत लिहिलेले नसल्याने तो तपशील वेगळ्या नियंत्रण-फाइलीत द्यावा लागतो. मग हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील सीडीओ हे साधन कमांड लाइनवरील एका आज्ञेने त्या बायनरी फाइलीचे नेटसीडीएफ या फाइल-स्वरूपात रूपांतर करते. समुद्रावर व सरहद्दीपलीकडे आकड्याऐवजी उणे ९९९ असते. नियंत्रण-फाइलीत हे सांगावयाचे राहिले, तरी रूपांतर निर्विघ्न पार पडते, यंत्र चकार शब्द काढत नाही, आणि देशाची सरासरी काढताना ते उणे ९९९ पाऊस म्हणून बेरजेत शिरतात. पाऊस निरंक असणे आणि नोंदच नसणे, हा महसुली दप्तराचा जुना भेद आज्ञा देणाऱ्यानेच सांभाळावयाचा असतो. माझ्या मते साऱ्या रूपांतरात खरे जोखमीचे काम तेवढेच.

आता २१.५ अक्षांश व ७९.७५ रेखांशाजवळचा बिंदू निवडून त्याच साधनाने चिखल्याची साधी यादी काढता येते. परंतु ती यादी खाणमुखाशी मोजलेल्या पावसाची नव्हे. आसपासच्या पर्जन्यमापकांना अंतरानुसार वजन देऊन बसविलेला तो अंदाज आहे, आणि बस्ता कितीही बदलला तरी ही गोष्ट फाइलीत कोठेही दिसत नाही.