रोजनाम्याची दुरुस्ती

जुनी रोजकीर्द आपण मित्या जुळविण्यासाठीं चाळतों. पण रोजनाम्याचेंच शस्त्र करून विधेयक मारल्याचा प्रसंग अमेरिकेच्या इतिहासांत आम्हांस आढळला. रंग, धर्म वा वंश पाहून युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नोकरी नाकारूं नये, असा हुकूम अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं २५ जून १९४१ रोजीं काढिला व देखरेखीस समिती नेमिली. (रँडॉल्फ यांनीं कृष्णवर्णीयांचा मोर्चा राजधानीवर आणण्याचा धाक घातला, तेव्हां कोठें हा हुकूम सुटला!) ती समिती कायम करण्याचें चावेझ यांचें विधेयक जानेवारी १९४६ मध्यें सिनेटांत निघालें. दक्षिणेकडील सभासदांनीं मागील बैठकीच्या रोजनाम्यास दुरुस्ती सुचविली व तिच्या आडून दिवसेंदिवस भाषणें चालविलीं. रोजनामा मंजूर होईना, विधेयक पुढें सरकेना. नुसता रोजनामा पाहणारास हा शब्दांचा वाद वाटेल. वाद होता पोटाचा. कोणास कामावर घ्यावें हा मालकाचा हक्क, हें विरोधकांचें म्हणणें विचारार्ह मानिलें, तरी मग मतास कां भ्यावें? ९ फेब्रुवारीस चर्चा थांबविण्यास ४८ अनुकूल, ३६ प्रतिकूल मतें पडलीं. दोनतृतीयांश भरलीं नाहींत. समिती त्याच वर्षीं मोडली. असा सर्व राष्ट्रास लागू कायदा १९६४ सालीं झाला. तेव्हां चर्चा ७१ विरुद्ध २९ मतांनीं थांबविली गेली.