हिरकणीच्या मुलखात

रायगडावरचा हिरकणी बुरूज आपण पोरांना कौतुकाने दाखवतो. दरवाजे मिटले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरलेल्या त्या गवळणीच्या पान्ह्याची कोणाला लाज वाटत नाही. आमच्या महाडच्या वसाहतीत मात्र कंत्राटी बाई फाटकाबाहेर, झाडाआड, पदर ओढून पाजताना मी पाहिली. शेताच्या बांधावर तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे.

१९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक उचलून धरले. १९२९ साली कायदा झाला. १९६१ च्या कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईतो पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्या दिल्या. वेळ मिळाला, जागा? १९७६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, ३० हून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. पुढे एका कारखान्यात मी हजेरीपट मागून पाहिला. बाया नेमक्या ३०. बाकीच्या कंत्राटदाराच्या वहीत.