शर्यतीने नाकारलेली सायकल

१८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत असत. रूळ हलके होते. वाफेच्या इंजिनाचा भार त्यांना पेलवणारा नव्हता. पुढे अधिक वजनाचे रूळ घातले गेले आणि मगच त्या वाटेवर इंजिने धावू लागली. बडोद्यात पिढ्यान्पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घराण्यांना ही हकिकत नवी नाही. वाट, भार आणि यंत्र या तिहींचा मेळ बसल्यावाचून प्रवास घडत नाही, एवढेच तिच्यातून घ्यावयाचे. याच दृष्टीने आज आम्ही एका क्षुल्लक वाटणाऱ्या वाहनाकडे पाहणार आहोत. ते वाहन म्हणजे पाठ टेकून चालवावयाची, मधोमध दुमडणारी सायकल. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात. आपण तिला आडवी सायकल म्हणू.

सायकलीशी मराठी माणसाचे नाते केवळ स्वाराचे नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आरंभिलेला उद्योग सायकलींच्या विक्रीचा आणि दुरुस्तीचा होता. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडे बडोद्यात १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. परदेशी यंत्र विकत घेणे निराळे आणि ते उघडून, समजून, आपल्या गरजेप्रमाणे बदलणे निराळे, हा विवेक त्या पिढीला होता. आडव्या सायकलीचा इतिहास या विवेकाचाच आहे. मात्र त्यासाठी आपणास पॅरिसला जावे लागेल.

शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच कारागिराने प्रथम पायाने चालणारी चारचाकी गाडी बनविली आणि पुढे तिच्यावरून दुचाकी बेतली. स्वार खुर्चीत बसल्याप्रमाणे मागे रेलतो आणि पाय पुढे पसरून पायडल मारतो, अशी तिची रचना. वाऱ्याला अडविणारे अंग लहान झाल्याने तेवढ्याच श्रमात वेग अधिक मिळतो. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या स्वाराने तिच्यावरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले आणि ऑस्कर एग याचा १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम मागे टाकला. फोर हा काही पहिल्या फळीचा स्वार नव्हता. म्हणूनच वाद पेटला. जिंकले कोण, माणूस की यंत्र? १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सायकलीची नवी व्याख्या केली, आणि त्या व्याख्येत आडवी सायकल बसेना. फोरचा विक्रम वेगळ्या सदरात गेला. मोशेही त्याच वर्षी वारला.

नियम शर्यतीपुरता होता. परिणाम शर्यतीपुरता राहिला नाही. शर्यतीत जे दिसते तेच कारखाने बनवितात आणि तेच दुकानांत येते. अमेरिकेत १९७६ साली मानवी शक्तीच्या वाहनांसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि त्या सुमारास या रचनेकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वळले. एका व्याख्येने सुमारे चार दशके खाल्ली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

शर्यतीने अडवावे आणि प्रवाशाने उचलावे, हे सायकलीच्या इतिहासात एकदाच घडलेले नाही. सॅंतेत्येन येथील पॉल द व्हिव्ही हा संपादक 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने विसाव्या शतकाच्या आरंभी गिअर बदलण्याच्या सोयीचा पुरस्कार करीत होता, आणि डोंगरवाटांवर स्वतः तिचा वापर करीत होता. टूर द फ्रान्स या शर्यतीने मात्र चेन सरकविणारी ती यंत्रणा १९३७ पर्यंत स्वारांना वापरू दिली नाही. घडीच्या सायकलीचेही मूळ प्रवासातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यात कॅप्टन जेरार याची घडीची सायकल आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिक तशी सायकल घेऊन उतरत. १९६२ साली अलेक्स मोल्टन याने लहान चाकांची सायकल काढून, चाक लहान म्हणजे गती कमी ही समजूतही दूर केली.

हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले. जर्मनीतील क्रिफ्टेल येथे वीस इंची चाकांची, दुमडणारी आडवी सायकल बनू लागली. परंतु कारखान्यातून आलेले असे यंत्र दूरच्या पल्ल्यासाठी तसेच्या तसे घेऊन निघता येत नाही. पहिला प्रश्न चढाचा. साध्या सायकलीवर आपण उभे राहून पायडल दाबतो. आडव्या सायकलीवर ते शक्य नाही, म्हणून गिअर हलका हवा. पुढील चक्राला ३० आणि मागील चक्राला ३४ दाते ठेवले, तर वीस इंची चाक पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे १.३५ मीटर पुढे जाते. आपली नेहमीची काळी सायकल पाच मीटरांहून अधिक जाते. याहून हलके करण्यात मात्र लाभ नाही, कारण वेग फार उतरला की आडव्या सायकलीचा तोल सांभाळणे कठीण होते.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. सामान सीटच्या खाली, दोन्ही बाजूंस, शक्य तितके खाली टांगावे. बिजागरीवर भार येऊ देऊ नये आणि तिचा खटका रोज निघण्यापूर्वी तपासावा. तिसरा प्रश्न टायरचा. वीस इंच या एकाच नावाखाली ४०६ आणि ४५१ मिलिमीटर अशी रिमची निरनिराळी मापे असतात. ४०६ चे चाक असेल तर मुलांच्या सायकलीचा २० × १.७५ चा टायर त्यावर बसतो आणि तो तालुक्याच्या गावीही मिळू शकतो. शिवाय मागे वळून पाहता येत नाही म्हणून आरसा हवा, आणि सायकल ठेंगणी म्हणून उंच काठीवर निशाण हवे.

इतके केल्यावर बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरांवरील पावागडाचा पायथा गाठावा, चांपानेरची तटबंदी पाहावी आणि माचीच्या चढाशी अंगातली ताकद अजमावावी. सायकल दुमडते, तेव्हा परतीला मोटारीचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

आमच्या वयाच्या अनेकांनी सायकल सोडली ती पाय थकले म्हणून नव्हे. मान आखडली, मनगटे दुखू लागली, कंबरेने वाकणे नाकारले. यांतील कित्येकांना पाठ टेकून, पाय पुढे करून अजून बरीच वाट चालता आली असती. पण तसे वाहन त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, आणि जे पाहिले नाही ते मागणार कोण? १९३४ च्या त्या व्याख्येची किंमत अशा माणसांनी मोजली. शर्यतीला तिची व्याख्या लखलाभ असो. सायकल कोणती, हे वाटेवर निघणाऱ्याने आपल्या शरीराला आणि आपल्या वाटेला विचारून ठरवावे. हलके रूळ बदलून डभोईची वाट इंजिनाला मोकळी करणाऱ्यांनीही याहून निराळे काही केले नव्हते.