अनुदीप्त द्रव्ये (मेंदूतील गाठींच्या शस्त्रक्रियेतील)

मेंदूतील गाठीची कड शस्त्रक्रिया चालू असतानाच सर्जनला दिसावी म्हणून रुग्णाला दिली जाणारी द्रव्ये. ठरावीक प्रकाश पडला की ती दुसऱ्याच रंगात उजळतात. यांची खरी गरज ग्लायोब्लास्टोमासारख्या गाठींत पडते. ही गाठ निरोगी मेंदूत शिरत जाते आणि पांढऱ्या दिव्याखाली तिची कड वेगळी ओळखू येत नाही. जास्त कापले तर वाचा किंवा हातपाय जाण्याची भीती, कमी कापले तर गाठ लवकर उलटते.

सर्वांत अभ्यासलेले ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल (५-एएलए) स्वतः उजळत नाही. त्याची पूड पाण्यात विरघळवून, दर किलो वजनामागे २० मिग्रॅ या मात्रेने, भूल देण्याआधी सुमारे तीन तास पाजतात. शरीरात हीम (रक्ताच्या लाल रंगद्रव्यातील लोहयुक्त घटक) बनण्याच्या वाटेवर त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन तयार होते आणि ते गाठीच्या पेशींत साचते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा निळा केला (सुमारे ४०० नॅनोमीटर) की गाठीचा जिवंत भाग लालभडक दिसतो, कड फिकट गुलाबी आणि निरोगी मेंदू निळा. सर्जनचा कस लागतो तो त्या गुलाबी पट्ट्यात.

जर्मनीतील वाल्टर श्टुमर यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५-एएलएच्या चाचणीत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेले. एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढले नाही. कौतुकाच्या भरात हे विसरले जाते. ५-एएलएला युरोपात २००७ मध्ये, अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

नेत्रतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातले सोडियम फ्लुओरेसिन याहून जुने आणि कितीतरी स्वस्त. जॉर्ज मूर यांनी १९४८ च्या सुमारास ते मेंदूच्या गाठींसाठी वापरले. शिरेतून दिल्यावर ते रक्त-मेंदू अडसर (रक्तातील द्रव्ये मेंदूत शिरू न देणारा) फुटलेल्या जागी झिरपते. म्हणून पिवळे दिसले ते सगळे कर्करोगाचेच, असे नसते.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील अलीअसगर मोयादी व सहकाऱ्यांनी ५-एएलए आणि शस्त्रक्रियेदरम्यानची सोनोग्राफी एकमेकांना पूरक असल्याचे दाखवले. ५-एएलएने उजेड पोहोचतो तेवढाच पृष्ठभाग उजळतो, मध्ये रक्ताचा थर आला की तोही झाकतो. सोनोग्राफीला खालचेही दिसते. कमी दर्जाचे ग्लायोमा (ग्लायोब्लास्टोमाच्याच कुळातील गाठी) तर बहुतेकदा उजळतच नाहीत.

५-एएलए घेतल्यावर किमान २४ तास डोळे व त्वचा प्रखर उजेडापासून जपावी लागते. पॉर्फिरिया (हीम बनण्यातील बिघाडाचा आजार) असलेल्यांना ते देत नाहीत. घरात कुणाला हा आजार असेल तर सर्जनला आधीच सांगावे.