डॅशबोर्डमधला चौकोनी खण

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी उघड्या टपाची गाडी, म्हणजे कन्व्हर्टिबल, घ्यायचं तुमच्या मनात आहे असं समजा. इंजिन, रंग, सीटा, टपाचं कापड असं सगळं पाहून होतं आणि मग नजर डॅशबोर्डकडे जाते. तिथे कंपनीनेच बसवलेला छोटा पडदा आहे. त्याचा नकाशा डीव्हीडीवर आहे आणि त्या नकाशात तुमच्या घरासमोरचा रस्ता अजून झालेलाच नाही. गाडी आजही धावायला तयार, पडदा मात्र आपल्या जन्मसालातच अडकलेला. हा काढून बाहेरचा बसवावा की आहे तो ठेवावा?

हा प्रश्न मोटारीतल्या रेडिओइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास ठाऊक असेल तर निर्णय घेणं सोपं जातं.

सुरुवात बाहेरच्यांनी केली, गाड्या बनवणाऱ्यांनी नव्हे. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि ती गाडी अटलांटिक सिटीला रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाला नेली. आत त्यांचा गाळा नव्हता, म्हणून त्यांनी गाडीतला रेडिओच लोकांना ऐकवला. त्याचं नाव मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं. नवी फोर्ड साधारण ५०० डॉलरांना मिळत होती, तेव्हा या रेडिओला ११० ते १३० डॉलर पडत. शिवाय तो बसवणं म्हणजे मोठा खटाटोप. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर दाबायची आणि एरियलला जागा शोधायची. बंद गाडीत छताच्या कापडामागे तारेची जाळी लपवता येई. उघड्या गाडीला छतच नाही, त्यामुळे एरियल गाडीच्या पायरीखाली बांधावी लागे.

कंपन्यांनी याला काय उत्तर दिलं, ते १९५३ च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये दिसतं. पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या निघाल्या. सगळ्या उघड्या टपाच्या, पांढऱ्या रंगाच्या, आतून लाल. किंमतपत्रकात रेडिओ १४५ डॉलर १५ सेंटांना ‘ऐच्छिक’ होता, पण तो तीनशेही गाड्यांत बसवूनच आला. इच्छा कोणाची, हे तुम्हीच ठरवा! मात्र त्यात एक गोष्ट अशी होती, जी बाहेरच्या मेकॅनिकला जमली नसती. गाडीचं अंग फायबरग्लासचं असल्यामुळे एरियलची जाळी डिकीच्या झाकणातच पुरली होती. गाडी आणि रेडिओ एकाच कागदावर आखले की काय साधतं, याचा हा नमुना.

हीच वाट पुढे अमर बोस यांनी धरली. बंगाली वडिलांचा हा फिलाडेल्फियात जन्मलेला मुलगा एमआयटीत प्राध्यापक होता. १९८३ च्या मॉडेलच्या काही कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत बोस यांची यंत्रणा थेट कारखान्यातून आली. काचा, सीटा, छत यांवरून आवाज कसा परततो, हे मोजून स्पीकरांच्या जागा ठरवलेल्या. पण टप खाली करा, म्हणजे यातलं बरंच गणित कोलमडतं. आवाज परतवायला छत उरत नाही आणि हायवेवरचा वारा तबल्याचा बायाँ पहिल्यांदा गिळतो. १९८९ मध्ये आलेल्या माझदा मियाटाला म्हणूनच डोकं टेकायच्या उशीतही स्पीकर मिळत. आवाज मोठा करण्यापेक्षा तो कानाजवळ आणणं शहाणपणाचं होतं.

बाहेरच्यांचं सोन्याचं युग ज्यामुळे आलं, ती गोष्ट दिसायला अगदी साधी आहे : एक चौकोनी खण. जर्मन मानकाने रेडिओच्या जागेचं माप १८० गुणिले ५० मिलिमीटर ठरवलं आणि हळूहळू ते जगभर रुळलं. यालाच ‘डिन’ म्हणतात. आता गाडी कोणाचीही असो, तुम्ही पायोनियर, अल्पाइन, केनवुड किंवा ब्लाउपुंक्ट घ्यायचा आणि खणात सरकवायचा. कॅसेट गेली, सीडी आली, तरी गाडी बदलावी लागली नाही.

चोरांनाही हा खण तितकाच सोयीचा होता. कापडी टपाला एक सुरी पुरे. डेक गेल्यापेक्षा टप फाटल्याचा खर्च मोठा, म्हणून कित्येक मालक गाडीला कुलूपच लावत नसत आणि डेकचं तोंड काढून खिशात घालून नेत.

नकाशाची कथाही अशीच दुपदरी. होंडाने १९८१ मध्ये जपानात जायरोस्कोपवर चालणारी यंत्रणा दिली. उपग्रह नाही, पडद्यावर पारदर्शक नकाशे सरकवायचे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅन हनी या नौकापटूच्या एटॅक कंपनीने कोणत्याही गाडीत बसवता येईल असा नकाशा विकायला काढला. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून तो जागा ओळखे. नकाशे कॅसेटवर होते, आणि लॉस एंजेलिस एका कॅसेटमध्ये मावत नसे. १९९० मध्ये जपानात उपग्रहावर चालणारी यंत्रणा दोन्ही वाटांनी आली : माझदाच्या युनोस कॉस्मोत कंपनीची आणि पायोनियरची बाहेरची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि रस्ता नेमका सापडू लागला.

इथे कंपनीच्या यंत्रणेची एक जमेची बाजू नोंदवायला हवी. तिला चाकांचा वेग थेट मिळतो, त्यामुळे बोगद्यातही ती चुकत नाही. काचेला चिकटवलेल्या साध्या यंत्राचा उपग्रहाशी संपर्क तुटला की ते गोंधळे. पण कंपनीचा नकाशा त्या-त्या देशापुरता असे. मॉरिशसच्या वाचकांनी जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांत हे पाहिलं असेल : पडदा जपानीत बोलतो, नकाशात टोकियो आहे आणि एफएम ९० च्या आसपास संपतो. २००९ च्या अखेरीस गूगलने फोनवर वळणावळणाची दिशा फुकट द्यायला सुरुवात केली आणि विकतच्या नकाशांची किंमत एकदम उतरली.

तोवर खण मात्र बुजू लागला होता. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून रेडिओ, अँप्लिफायर, फोन एकाच प्रकाशतंतूच्या कड्यात गुंफले गेले. एक मणी काढला तर माळच तुटते. पुढे एसीची बटणंही पडद्यात शिरली. आता बाहेरचा डेक बसवायचा तरी कुठे?

या साऱ्याचा हिशेब एका कंपनीनेच मांडून दाखवला. २०२० मध्ये पोर्शेने आपल्याच जुन्या गाड्यांसाठी नवे पडदे विकायला काढले. जुन्या ९११ साठी एका खणाचा, आणि ९९६ मालिकेची ९११ व पहिली बॉक्स्टर यांसाठी दोन खणांचा. दिसायला डॅशबोर्डला शोभणारे, आत ॲपल कारप्ले. गाडी पडद्यापेक्षा जास्त जगते, याची यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती? आणि हे शक्य झालं ते त्या गाड्यांत खण शिल्लक होता म्हणून.

आजच्या गाड्यांत तो नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतली थ्री-जी सेवा बंद झाली, तेव्हा अनेक चांगल्या चालत्या गाड्यांतल्या कंपनीच्या सेवा, अपघातात मदत बोलावणाऱ्यासुद्धा, मुक्या झाल्या. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या नव्या विजेच्या गाड्यांतून कारप्ले काढण्याचं जाहीर केलं. म्हणजे पडदाही त्यांचा, नकाशाही त्यांचा.

तेव्हा जुनी उघडी गाडी घेताना खण आहे का, ते आधी पाहा. बाहेरचा पडदा निवडताना तो टप उघडून, भर दुपारच्या उन्हात वाचून बघा. तारा कापू देऊ नका, जोडणीचा अडॅप्टर मागा, आणि कंपनीचा मूळ डेक फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना तो कामी येतो. नवी गाडी घेणार असाल, तर विक्रेत्याला आवाजाबद्दल विचारण्याआधी एवढंच विचारा : पंधरा वर्षांनी हा पडदा बंद पडला, तर तो बदलून कोण देणार? उत्तर मिळालं नाही, तर समजा, गाडीचं वय तुमच्या हातात राहिलेलं नाही.