कापरेकरांची एक संख्या
१४२८५७ ह्या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग पाडून त्यांची बेरीज केली असतां मूळ संख्याच पुन्हां हातीं येते. अशा संख्यांस ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण त्यांस लाभलें नव्हतें. येथील अनेक गणितज्ञांनीं त्यांचे शोध क्षुल्लक मानले. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांवर लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. आमच्या मतें ही कसोटीच उफराटी होय. वरील बेरीज तिवशाच्या शाळेंतला मुलगाहि पाटीवर पडताळूं शकतो. मग सत्य ओळखण्यास आपणांस परक्या मोहोरेची वाट कां पाहावी लागावी?