पैवस्ती, बार आणि मोर्तब

ई-मेलचा ढीग उपसण्याचे उपाय सांगणाऱ्यांची आज वानवा नाही. टपाल ठरल्या वेळीच पाहावे, उत्तर तत्काळ द्यावे, वगैरे. कडेगावात मराठी शिकवताना मोडी कागदांशी संबंध आल्यामुळे आम्हांला मात्र हा प्रश्न पेशव्यांच्या हुजूर दफ्तराच्या बाजूने पाहावासा वाटतो.

जुन्या मराठी पत्रावर ते हाती आल्याची तारीख नोंदलेली आढळते, तीच 'पैवस्ती'. आधी 'छ', मग चंद्र, मग हिजरी महिना. (मोहरमशी आमचे विद्यार्थी अडत नाहीत, उंच ताबुतांच्या गावची मुले ती. जिल्काद आला की मात्र थबकतात.) सुटणाऱ्या हुकमावर 'बार', म्हणजे दफ्तरी नोंद झाली. अखेरीस मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी असलेला छोटा शिक्का 'मर्यादेयं विराजते' असे सांगतो: मजकूर येथे संपला, पुढे कोणी अक्षर घालू नये. ई-मेलने पोहोच आणि नोंद ही दोन कामे यंत्राकडे दिली; सीमा तेवढी नाहीशी झाली. पत्राला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर, आणि प्रत सर्वांना!

पण ही शिस्त कोणा एका कारकुनाच्या चिकाटीवर उभी नव्हती. हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून होते. फडणिसांच्या देखरेखीखालचे चालते दफ्तर वेगळे, खात्याखात्यांचे हिशेब एकत्र आणणारे एकबेरीज दफ्तर वेगळे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या व्यवस्थेची हेळसांड झाली, कारकून पांगले, कागदही बाहेर गेले. उरलेल्यांना वेळेचे नियोजन शिकवून दफ्तर सावरले असते, असे कोणताही इतिहासकार म्हणणार नाही. आजच्या अध्यापकाला मात्र नेमके तेच ऐकवले जाते. आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाची जागा रिकामी राहते, त्याचे काम 'कार्यक्षमता' हे भारदस्त नाव घेऊन शिक्षकाच्या इनबॉक्समध्ये येते, आणि उद्याच्या तासाची तयारी रात्री अकरानंतर सुरू होते. हा आळसाचा प्रश्न नव्हे, मनुष्यबळाचा आहे.

१८१८ नंतर पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. रुमालांत बांधलेल्या त्या अफाट संग्रहातून गो. स. सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. सरदेसाईंसारखा अथक माणूसही त्या रुमालांसमोर एकटा बसला नव्हता. मोडी वाचणारे सहायक त्यांच्या हाताखाली होते.